जमशेटजी टाटा आणि नागपूरची एम्प्रेस मिल



मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आपण कामगार संत योसेफ यांचा सण साजरा करतो. पोप पायस बारावे यांनी तो १९५५ साली सुरू केला. योसेफाने येशूला सुतारकाम कसे शिकवले याविषयी शुभवर्तमानकार काहीच लिहीत नाहीत. पण नाझरेथचे लोक येशूला सुतार म्हणून ओळखत होते एवढे संत मार्क सांगतो. म्हणजे ते शिक्षण झाले होते. याच महिन्यात, १९ तारखेला, आणखी एका माणसाची पुण्यतिथी येते. त्याने आपल्या नागपुरात गिरणी उभारली आणि त्या गिरणीलाच शाळा केले. त्यांचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

पारशी गृहस्थाचे चरित्र चर्चच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी विचारील. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले आहे. शिवाय आमच्यापुढे एक जवळचे कारण आहे. प्रताप नगर आणि आसपासच्या वस्त्यांतून हिंगण्याच्या एमआयडीसीकडे जाणारी कितीतरी मुले आपल्या धर्मग्रामात आहेत. कोणी आयटीआय केलेले, कोणी डिप्लोमा. त्यांचे आईवडील मिस्सा संपल्यावर आमच्याशी बोलतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते. अनुभव नाही म्हणून काम मिळत नाही, आणि काम मिळत नाही म्हणून अनुभव येत नाही. जमशेटजींना हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने पडला होता. त्यांच्याकडे काम होते, यंत्रे होती, पण ते काम जाणणारी माणसे नव्हती.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. घराणे पारशी पुरोहितांचे. वडील नसरवानजी हे त्या घराण्यातून व्यापारात उतरलेले पहिले. मुलाला त्यांनी मुंबईस नेऊन एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ साली शिक्षण पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत गेले आणि पुढच्याच वर्षी व्यापारासाठी हाँगकाँगला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या सुमारास मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. जमशेटजी तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांच्या हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्या. ते तोंड लपवून बसले नाहीत. धनकोंपुढे जाऊन त्यांनी सगळा हिशेब मांडला आणि त्या लोकांनी देणी निस्तरण्याचे कामही त्यांच्यावरच सोपवले. हा त्यांचा पहिला धडा. तो कॉलेजात मिळाला नव्हता.

१८६८ साली २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक बुडीत निघालेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी नफ्यात विकली. मग ते लँकेशायरला गेले. तिथल्या गिरण्या त्यांनी नीट पाहिल्या आणि परत येऊन ठरवले की कापूस मुंबईला ओढून नेण्यापेक्षा जिथे पिकतो तिथेच गिरणी काढावी.

म्हणून नागपूर. वऱ्हाडचा कापूस हाताशी, कोळसा वरोऱ्याचा, आणि रेल्वे १८६७ पासून आलेलीच. १८७४ साली १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली. जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची, ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतो. जमीन दलदलीची होती आणि ती भरून काढायलाच फार पैसा लागणार होता. मातीत सोने पुरणाऱ्या या माणसाला कर्ज द्यायला इथला एक सावकार तयार झाला नाही, आणि पुढे त्यानेच आपला अंदाज चुकल्याचे मान्य केले, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग. आपला नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला १८८७ साली; म्हणजे गिरणी धर्मप्रांतापेक्षा दहा वर्षांनी मोठी.

गिरणी चालवायला जमशेटजींनी आणले बेझनजी दादाभाई यांना. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत आणि कापड यांची त्यांना माहिती नव्हती. यंत्रांची बाजू सांभाळायला लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी होते. आम्हांला यात मौज वाटते ती ही की, गिरणीतला पहिला उमेदवार खुद्द तिचा मॅनेजरच होता. माणूस प्रामाणिक आणि डोक्याने चांगला असेल तर धंदा शिकवता येतो, एवढा विश्वास मालकापाशी होता. नाहीतर नेमणुकीची जाहिरात काढताना दहा वर्षांचा अनुभव हवा असे लिहिणे फार सोपे असते.

सुरुवात काही गोड नव्हती. पहिली यंत्रे स्वस्तातली आणि कमी प्रतीची निघाली, ती लवकरच बदलावी लागली. माणसे रोज कामावर येत नसत. शेतीची कामे निघाली, घरी लग्न निघाले, की माग रिकामे. आणि त्याच १८७७ साली विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केले. भारतातल्या कापडगिरण्यांमधला नोंद असलेला पहिला संप म्हणून कामगारांच्या इतिहासात तो सांगितला जातो. थोरांची चरित्रे लिहिताना अशी पाने गाळण्याची रीत आहे. आम्ही ते गाळत नाही, कारण पुढचे सगळे समजण्यासाठी ते लागते. गिरणी म्हणजे आश्रम नव्हता. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबणारी माणसे तिथे होती आणि मालकाला नफा हवा होता.

पण जमशेटजींनी त्यातून काढलेला मार्ग दंडाचा नव्हता. नियमित येणाऱ्याला त्यांनी बक्षिसे ठेवली आणि ती चारचौघांसमोर समारंभ करून दिली. हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसवली, आगीपासून बचाव करणारे पाण्याचे फवारे बसवले. १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कामगारांच्या हक्कांवरचे पोप लिओ तेरावे यांचे रेरुम नोवारुम हे विश्वपत्र १५ मे १८९१ चे. दोघांनी एकमेकांचे काही वाचले असेल असे नाही. तरी तारखा शेजारी ठेवल्या की आम्हांला विचार करावासा वाटतो.

आता शिकवण्याविषयी. त्या काळी गिरणीत शिकण्याची एकच वाट होती. गावाकडचा पोरगा काका-मामाच्या ओळखीने आत येई, मुकादमाला दस्तुरी देई आणि शेजारच्या माणसाचे हात पाहून पाहून शिके. मुद्दाम कोणी शिकवत नसे. कसब हे घरातल्या दागिन्यासारखे राखून ठेवायचे. ही वाट सर्वांना खुलीही नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि त्यांच्या ओठांचा धोटा आपल्या ओठांना लावायला इतर जातींचे विणकर तयार नसत. विणकामात मजुरी जास्त, म्हणून ते दार बंद. कसब कोणाला शिकवायचे आणि कोणाला नाही, हा केवळ शिक्षणाचा प्रश्न कधीच नव्हता.

दुसऱ्या बाजूला मुंबई विद्यापीठाच्या पदव्या घेतलेले तरुण होते. ते वकिलीकडे आणि सरकारी नोकरीकडे जात. शिकलेल्या मुलाने तेलकट यंत्राला हात लावणे घरच्यांना कमीपणाचे वाटे. (ही भावना पूर्ण गेली आहे असे आम्हांला आजही वाटत नाही. लग्नाच्या बैठकीत फिटर आणि क्लार्क या दोन शब्दांना मिळणारा मान पाहावा.) म्हणजे एका बाजूला हात होते, दुसऱ्या बाजूला पुस्तक, आणि मधली जागा मोठ्या पगारावर विलायतेहून आणलेले साहेब भरत.

जमशेटजींनी त्या मधल्या जागेवर काम केले. पदवीधर तरुणांना एम्प्रेस मिलमध्ये उमेदवार म्हणून घेण्याची पद्धत त्यांनी पाडली. उमेदवाराला एका टेबलाशी बसवून ठेवत नसत. कापूस साफ करणे, पिंजणे, सूत काढणे, विणणे अशा एकेका खात्यातून त्याला जावे लागे. कॉलेजने त्याला विचार करायला शिकवले होते, गिरणी त्याला बघायला आणि हात चालवायला शिकवी. आज कॉलेज आणि कारखाना यांच्या जोडशिक्षणाविषयी आपण जे ऐकतो त्याचे बीज इथे, आपल्या गांधीसागराच्या काठी, होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक मुद्दा आम्हांला शिकवला गेला. काही गोष्टी अशा आहेत की त्या शिकल्याशिवाय करता येत नाहीत आणि केल्याशिवाय शिकता येत नाहीत. घर बांधूनच माणूस गवंडी होतो. परीक्षेत हे लिहिणे सोपे होते. पण व्यवहारात त्याला एक अर्थ आहे ज्याविषयी ॲरिस्टॉटल बोलत नाही, तो म्हणजे शिकताना जे बिघडते त्याचा खर्च. नवख्या माणसाकडून धागा तुटतो, माल खराब होतो, यंत्र थांबते. त्याला शिकवणाऱ्या जुन्या कारागिराचे स्वतःचे कामही मागे पडते. हे नुकसान कोणीतरी सोसावे लागते. कॉलेज ते सोसू शकत नाही, गरीब आईबाप तर नाहीच. कारखान्याने सोसले तरच शिक्षण होते. आणि सोसल्यावरही शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाणार नाही याची खात्री नसते. याच भीतीने पुष्कळ मालक शिकवतच नाहीत, तयार माणूस शोधत बसतात, आणि सगळेच तसे करू लागले की तयार माणूस उरत नाही.

एम्प्रेस मिलमध्ये तयार झालेली माणसे पुढे इतर गिरण्यांतही गेली. खुद्द जमशेटजींनाही त्यांची गरज लागली. १८८६ साली त्यांनी कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी घेऊन तिला स्वदेशी मिल असे नाव दिले. ती इतकी अडचणीत आली की त्यांना स्वतःजवळचे एम्प्रेसचे शेअर विकावे लागले. ती सावरायला त्यांनी माणसे बोलावली ती नागपूरहून. मधल्या काळात एम्प्रेसमध्ये रिंग नावाची नवी कताईची यंत्रे आली होती. लँकेशायर अजून जुन्या म्यूल यंत्रांवर विसंबून असताना नागपुरात ती चालवून पाहिली गेली. नवे यंत्र आले की जुना उस्तादही पुन्हा विद्यार्थी होतो, त्यामुळे शिकण्याची सवय असलेल्या गिरणीला बदल सोपा गेला.

याच शतकात, इटलीतल्या तुरीन शहरात, आपल्या ओळखीचे एक संत हाच प्रश्न मुलांच्या बाजूने सोडवत होते. संत जॉन बॉस्को गरीब मुलांना कारागिरांकडे कामाला लावीत, पण नुसते लावून सोडून देत नसत. १८५२ सालच्या फेब्रुवारीत एका मुलाला सुतारकाम शिकवण्यासाठी त्यांनी मुद्रांक कागदावर करार केला. मालकाने धंदा खरोखर शिकवावा, वयाला आणि ताकदीला झेपेल तेवढेच काम द्यावे, चूक झाली तर शब्दांनी सांगावी, मारू नये, सणावारी सुटी द्यावी. मुलाने मन लावून शिकावे. जामीन म्हणून सही डॉन बॉस्कोंची. जमशेटजींकडे मालकाची बाजू होती आणि इच्छा होती. डॉन बॉस्कोंनी ओळखले होते की मालकाच्या चांगुलपणावर सगळे सोडून चालत नाही, कागद हवा. आमच्या मते दोन्ही लागते.

जमशेटजींच्या पुढच्या कामांपैकी मुंबईचे ताजमहाल हॉटेल, जे १९०३ साली उघडले, सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यांची शिक्षणावरची जिद्द. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्ज देणारा निधी काढला. १८९८ साली विज्ञान संशोधनाच्या संस्थेसाठी त्यांनी मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार जमिनी देऊ केल्या; किंमत ३० लाख रुपये. सरकार शंका काढत राहिले. एवढे शिकून बाहेर पडणाऱ्यांना कामे कुठे मिळणार, ही त्यातली एक. शंका अगदीच चुकीची नव्हती. पण जमशेटजी एकीकडे शिकलेली माणसे आणि दुसरीकडे त्यांना लागणारे कारखाने, दोन्ही एकदम उभे करू पाहत होते. बंगळूरची ती संस्था १९०९ साली स्थापन झाली.

पोलादाची गोष्टही नागपूरला वळसा घालून जाते. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाविषयी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींनी १८८२ साली वाचला आणि तो विषय त्यांनी पुढे वीस वर्षे सोडला नाही. शोध सुरू झाला तेव्हा चांद्यात हवे तसे जमेना. मुलगा दोराबजी काम आवरते घेण्यासाठी नागपूरला अधिकाऱ्यांना भेटायला आले, ते जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या म्युझियममध्ये शिरले. आपला अजब बंगला तो. तिथे भिंतीवरच्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा त्यांना दिसल्या आणि शोधाला नवी दिशा मिळाली. शाळेच्या सहलीत अजब बंगल्यात जाऊन फक्त पेंढा भरलेला वाघ बघून येणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

१९०४ च्या मार्चमध्ये पत्नी हिराबाई वारल्या आणि १९ मे रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींनी डोळे मिटले. संस्था नाही, पोलाद नाही. त्यांनी काहीच पाहिले नाही. पोलादाची पहिली लाट पडली १९१२ साली. त्यांच्या नावाच्या जमशेदपुरात १९२१ साली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, वर्गही तिथेच आणि कारखानाही तिथेच. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठाचे हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली विद्यार्थ्यांना आलटून पालटून एक आठवडा वर्गात आणि एक आठवडा कारखान्यात पाठवायला सुरुवात केली होती आणि जगभर ते उदाहरण झाले. आपली ख्रिस्तसभाही याहून फार वेगळे करत नाही. सेमिनरीतल्या मुलांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या मधल्या काळात एखाद्या शाळेत किंवा धर्मग्रामात काम करायला धाडतात, त्याला रीजन्सी म्हणतात. आम्ही पुस्तकांत जे शिकलो नाही त्यातले पुष्कळ त्या दिवसांत शिकलो.

एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाने ती चालवली आणि २००२ साली ती बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे. आपल्यातल्या ज्येष्ठांना भोंग्याचा आवाज अजून आठवत असेल. गिरणी बंद झाल्याचे दुःख मोठे होते, पण आम्हांला त्याहून एक नुकसान वेगळे वाटते. कापूस साफ करण्यापासून ठाण बांधण्यापर्यंत सगळे ज्यांच्या हातात होते ती माणसे वयोमानाने गेली आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी राहिले नव्हते.

भारतात उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला आणि १९७३ साली पदवी व डिप्लोमाधारक त्यात आले. त्यातल्या काही गोष्टी पालकांना ठाऊक नसतात. करार लेखी असतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. उमेदवार हा शिकणारा असतो, कामगार नव्हे. त्याला विद्यावेतन मिळायलाच हवे, आणि कामासोबत त्या कामाचे शिक्षणही. मात्र मुदत संपल्यावर नोकरी देणे मालकाला बंधनकारक नाही. ही शेवटची गोष्ट आधी कळली तर पुढची निराशा टळते. वर्षभर नुसती खोकी उचलायला लावली, यंत्राजवळ उभेही केले नाही, अशी तक्रार असेल तर ती मुदत संपल्यावर नव्हे, पहिल्या दोन महिन्यांतच करावी.

ज्यांच्या मुलामुलींना यंदा कुठल्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून बोलावणे आले आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी कराराचा कागद घेऊन रविवारी मिस्सानंतर ऑफिसात यावे. आपल्या धर्मग्रामातले निवृत्त फोरमन आणि सुपरवायझर यांनीही थोडा वेळ थांबावे ही विनंती. कागद वाचायला आम्ही आहोत, पण खात्यात काय काय शिकवायला हवे हे तुम्हांलाच ठाऊक.